रासायनिक समतोल आणि ‘विरोधा’ची भाषा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर येथे पूर्णा नदीवर धरण आहे. त्याच्या वरच्या अंगास येलदरीचे धरण. तेथील वीजगृहातून सुटलेले पाणी सिद्धेश्वरच्या जलाशयात येते आणि पुढे कालव्यांच्या वाटेने शेतांकडे जाते. या परिसरातील एका वर्गात मागच्या बाकावर बसून रासायनिक समतोलाचा पाठ ऐकण्याचा योग मला आला होता. शिक्षकांनी याच धरणाचा दाखला दिला. जेवढे पाणी येते तेवढेच जाते, म्हणून पातळी हलत नाही; पाणी मात्र सारखे वाहते आहे; रासायनिक समतोल असाच समजावा. पुढे त्यांनी ल शातलिएचा नियम सांगितला : समतोलात असलेल्या व्यूहावर बाहेरून काही बदल लादला असता समतोल त्या बदलास विरोध करतो. मुलांनी तो उतरून घेतला. तास संपला.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र. रसायनशास्त्राशी त्याचा संबंध महाविद्यालयाच्या पहिल्या दोन वर्षांपुरता आणि पुढे परिभाषेच्या अभ्यासानिमित्त आलेला. तेव्हा रसायनशास्त्राच्या अध्यापकांना त्यांचे शास्त्र शिकविण्याचा येथे हेतू नाही. परंतु वरील दाखला आणि वरील वाक्य ही दोन्ही भाषेची कृत्ये आहेत. ती ज्या प्रकारे चुकतात, तो प्रकार भाषेच्या अभ्यासकाने पाहण्याजोगा आहे. मराठीतून शास्त्र सांगता येत नाही, असा एक आक्षेप आपल्याकडे वारंवार घेतला जातो. या नियमाच्या बाबतीत तरी मला असे दिसते, की मराठीजवळ जे आहे ते आपण वापरले नाही आणि इंग्रजी क्रमिक पुस्तकांत जे सैल होते ते मात्र जसेच्या तसे उचलले.

प्रथम धरणाचा दाखला घेऊ. जलाशयाची पातळी स्थिर असते हे खरे. परंतु जे पाणी कालव्यात गेले ते येलदरीस परत चढत नाही. येथे दोन भिन्न क्रिया आहेत, येणे आणि जाणे, व त्यांचे प्रमाण योगायोगाने अथवा व्यवस्थेने जुळलेले आहे. रासायनिक समतोलात एकच वाट असते आणि तिच्यावरून उलटसुलट ये-जा चालू असते. ‘अ’चे ‘ब’ होण्याचा वेग आणि त्याच वाटेने ‘ब’चे पुन्हा ‘अ’ होण्याचा वेग सारखे झाले, म्हणजे तो समतोल. कसोटी सोपी आहे. येलदरीहून पाणी यावयाचे थांबले आणि कालवा चालू राहिला, तर सिद्धेश्वरची पातळी उतरू लागेल. तिला टिकून राहण्यास बाहेरचा पुरवठा लागतो. तोंड बंद केलेल्या काचनळीतील वायूंच्या समतोलास असा पुरवठा लागत नाही. ती नळी कपाटात वर्षभर ठेवा. तापमान न बदलल्यास आतील प्रमाण तेच राहील. पहिल्या प्रकारास ‘स्थिर अवस्था’ आणि दुसऱ्यास ‘समतोल’ अशी दोन नावे आहेत आणि ती दोनच राहिली पाहिजेत.

घोटाळा का होतो? माझ्या मते त्याचे एक कारण ‘स्थिर’ या शब्दात आहे. हा शब्द आपण तीन वेगळ्या कल्पनांसाठी राबवितो. जी राशी बदलत नाही ती स्थिर, म्हणून ‘स्थिरांक’. जे हलत नाही तेही स्थिर, जसा स्थिर तारा. आणि जे धक्का लागला तरी पुन्हा जागेवर येते तेही स्थिर, म्हणून ‘स्थिर समतोल’. इंग्रजीत या तिन्हींस तीन वेगळे शब्द आहेत. एका शब्दाने तीन कामे करणे हा दोष नव्हे. बोलीत ते नित्याचे आहे. परंतु परिभाषेत तिन्ही अर्थ एकाच पाठात, कधी एकाच परिच्छेदात येऊन बसतात, तेव्हा विद्यार्थ्याने कोणता अर्थ घ्यावा हे त्याला कोणी सांगत नाही. ‘समतोल-स्थिरांक’ हा तापमानाबरोबर बदलतो, हे ऐकून जो विद्यार्थी गोंधळतो तो मंद नसतो. त्याने शब्द नीट वाचलेला असतो, एवढेच.

आता ‘समतोल’ हा शब्द. याची घडण उघड आहे : सम आणि तोल. मागे तराजूचे चित्र आहे. लॅटिनमधून आलेल्या युरोपीय संज्ञेतही ‘सम’ आणि ‘तराजू’ हेच दोन घटक आहेत, त्यामुळे भाषांतर म्हणून त्यात काही उणे नाही. परंतु मराठीत ‘तोल’ हा शब्द तराजूपुरता राहिलेला नाही. तोल जाणे, तोल सावरणे, तोल सांभाळणे, तोलून बोलणे या साऱ्या प्रयोगांत माणसाचे शरीर किंवा माणसाचे मन आहे. ज्याचा तोल गेला तो पडतो. ज्याने सावरला तो पूर्वीसारखा उभा राहतो. शिवाय ‘समतोल’ हे गुणवाचक विशेषण आहे : समतोल विचार, समतोल आहार. म्हणजे समतोल असणे चांगले, बिघडणे वाईट, आणि बिघडल्यावर पूर्ववत् होणे इष्ट, एवढे सारे त्या एका शब्दाबरोबर वर्गात शिरते. हिंदी परिभाषेने ‘साम्य’ किंवा ‘साम्यावस्था’ स्वीकारली. तिच्या मागे तर याहून मोठी परंपरा उभी आहे. सांख्यांची त्रिगुणांची साम्यावस्था आणि आयुर्वेदातील धातुसाम्य. सांख्यांच्या मते साम्य भंगले म्हणजे सृष्टी सुरू होते, वैद्यांच्या मते रोग सुरू होतो. रसायनशास्त्रज्ञाच्या मते यांपैकी काहीच होत नाही. फक्त प्रमाणे बदलतात.

येथे मराठवाड्यातील वाचकांस एक स्थानिक गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. हिंगोली हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेव्हाची उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. १९१७ मध्ये हैदराबादेस भाषांतर विभाग, म्हणजे दारुत्तर्जुमा, स्थापन झाला आणि १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी शास्त्रीय ग्रंथ व परिभाषा त्याने तयार केली. उर्दू रसायनशास्त्रात समतोलास ‘तवाज़ुन’ आणि विक्रियेस ‘तआमुल’ म्हणतात. ‘तवाज़ुन’च्या मुळाशी ‘वज़न’ आहे, म्हणजे पुन्हा आपला तोलच. परंतु ही दोन्ही रूपे अरबीच्या ज्या साच्यात घडली आहेत तो ‘तफाउल’चा साचा प्रायः परस्परभाव दाखवितो. ‘तआमुल’ म्हणजे एकमेकांवर होणारी क्रिया. ‘तवाज़ुन’ म्हणजे एकमेकांस तोलून धरणे. जी गोष्ट समतोलाच्या व्याख्येत मर्मभूत आहे, ती दुतर्फा ये-जा, त्या शब्दाच्या रूपातच गोठविलेली आहे. (अरबी वैयाकरण या साच्यांनाही ‘वज़न’च म्हणतात, हा योगायोग गमतीचा आहे.) ही परिभाषा मराठी विद्यार्थ्यांवर राज्यकर्त्यांनी लादली होती आणि ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु ती घडविणाऱ्यांनी शब्दाच्या रूपाचा विचार केला होता. आपण केवळ शब्दाच्या अर्थाचा केला. मराठी विश्वकोश ‘विक्रिया’ लिहितो, पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तके ‘अभिक्रिया’ लिहितात. दोन्ही उपसर्गांत परस्परभाव नाही. दोन शब्दांपैकी कोणता घ्यावा यावर वाद पुष्कळ झाला. दोन्हींत काय नाही याकडे क्वचितच कोणाचे लक्ष गेले. या लेखात मी विश्वकोशाप्रमाणे ‘विक्रिया’ लिहितो.

संज्ञा एक वेळ चालवून घेता येतात. शब्द झिजतो, आणि झिजल्यावर त्यातील चित्र दिसेनासे होते. खरी अडचण वाक्याची आहे. ‘समतोल बदलास विरोध करतो’ हे कर्तरी प्रयोगाचे वाक्य आहे. त्यात कर्ता आहे, त्याला हेतू आहे, आणि तो हेतू कशाच्या तरी विरुद्ध आहे. धरणावर असा कर्ता खरोखरच असतो. पाणी वाढले की कोणी तरी आज्ञा देतो, दरवाजे उचलले जातात, पातळी ठरलेल्या रेषेवर आणली जाते. तेथे ‘विरोध’ हा शब्द शोभतो. काचनळीत असा कोणी नाही. रेणू एकमेकांवर आदळतात, काही जुळतात, काही तुटतात. आपल्या नळीत काय बदलले हे कोणत्याही रेणूस ठाऊक नसते.

कोणी म्हणेल, हा केवळ शब्दच्छल आहे. विद्यार्थ्यास लक्षात ठेवायला सोपे पडावे म्हणून तसे म्हणतात. हे म्हणणे मी मान्य केले असते, जर त्या वाक्यावरून निघणारी उत्तरे बरोबर आली असती. ती येतात का हे पाहू.

नायट्रोजन टेट्रॉक्साइड हा रंगहीन वायू आणि नायट्रोजन डायऑक्साइड हा तपकिरी वायू यांचा समतोल प्रसिद्ध आहे. पहिल्याच्या एका रेणूपासून दुसऱ्याचे दोन रेणू होतात. २५ अंश सेल्सिअसला, दाब वातावरणांत मोजल्यास, याचा समतोल-स्थिरांक सुमारे ०.१४ येतो. एकूण दाब १ वातावरण असताना हिशेब केला, तर तपकिरी वायूचा अंशदाब सुमारे ०.३१ निघतो. आता दट्ट्या दाबून घनफळ एकदम निम्मे केले. त्या क्षणी अंशदाब दुप्पट, म्हणजे ०.६२ होतो आणि रंग गडद होतो. मग काही तपकिरी रेणू जोडीने जुळून रंगहीन होतात आणि रंग किंचित फिका पडतो. कोठपर्यंत? विरोधाची भाषा ज्याने मनात घेतली आहे तो म्हणेल, पूर्वीच्या रंगापर्यंत. समतोलाने तोल सावरला, बदल निष्फळ केला. काही जण तर पूर्वीपेक्षाही फिका होतो असे लिहितात, कारण ‘समतोल कमी रेणूंच्या बाजूस सरकतो’ असे त्यांनी पाठ केलेले असते. प्रत्यक्ष हिशेब ०.४५ दाखवितो. रंग आरंभीच्यापेक्षा गडदच राहतो. ०.३१ वरून ०.६२ आणि तेथून ०.४५ : या तीन आकड्यांत नियमाचे सारे म्हणणे आले, आणि त्यांत ‘पूर्ववत्’ असे काही नाही. व्यूह नव्या ठिकाणी जाऊन थांबतो.

धरणाच्या दाखल्याविषयी मी वर कठोरपणे लिहिले. या ठिकाणी त्याचे थोडे ऋण फेडले पाहिजे. दरवाजे आहेत तसे ठेवून येणारे पाणी वाढविले, तर पातळी चढते. पातळी चढल्याने दरवाजातून जाणारे पाणीही वाढते. आणि दोन्ही जुळतात तेव्हा पातळी पूर्वीपेक्षा वरच्या रेषेवर ठरते. येथे कोणी विरोध केला नाही आणि पूर्वस्थितीही आली नाही. समतोल म्हणजे काय हे सांगण्यास धरण निरुपयोगी आहे. बदलानंतर व्यूह जुन्या जागी परत येत नाही, एवढे सांगण्यास ते चांगले आहे. वर्गात मात्र नेमका पहिल्याच कामासाठी त्याचा उपयोग होतो.

दुसरे उदाहरण चुन्याचे. चुनखडी भाजली म्हणजे कळीचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. ही विक्रिया उष्णता घेते, म्हणून तापमान चढविले की ती पुढे जाते. ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्या वायूचा समतोल-दाब एक वातावरण होतो. भट्टीला वारा खेळता लागतो याचे एक कारण हेच : वायू निघून गेला नाही तर भाजणे अडते. बंद भांड्यात ठराविक तापमानाला चुनखडी ठेवली, तर वायूचा दाब एका आकड्यावर येऊन थांबतो. आता त्या भांड्यात आणखी चुनखडी टाकली तर? ‘चुनखडी वाढविली, हा बदल, समतोल त्यास विरोध करील, म्हणून जास्त चुनखडी फुटेल’ : वाक्याच्या नियमाने हे उत्तर अगदी रास्त आहे, आणि ते चूक आहे. जोवर थोडी तरी चुनखडी आणि थोडा तरी चुना शिल्लक आहे, तोवर त्यांचे वजन कितीही असो, दाब तोच राहतो. घन पदार्थाची रास वाढली म्हणजे त्याची संहती वाढली असे होत नाही. ‘बदल’ हा शब्द कोणता बदल हे सांगत नाही, हा या वाक्याचा दुसरा दोष.

हीच गोष्ट निष्क्रिय वायूची. अमोनिया तयार होण्याच्या भांड्यात आर्गॉन सोडला आणि घनफळ कायम ठेवले, तर एकूण दाब वाढतो, पण समतोल तसूभरही सरकत नाही. दाब कायम ठेवून घनफळ वाढू दिले, तर काही अमोनिया फुटतो. दाब वाढला, पण सरकले नाही. दाब वाढला नाही, पण सरकले. विरोध करणाऱ्या कर्त्याने यांतून काय बोध घ्यावा?

परंतु या साऱ्यांहून बोचरे उदाहरण अमोनियाचेच आहे. नायट्रोजनचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन यांपासून अमोनियाचे दोन रेणू होतात. समतोलात आलेल्या मिश्रणात आणखी नायट्रोजन घातला, तर अमोनिया वाढेल, असे प्रत्येक क्रमिक पुस्तक सांगेल, कारण घातलेला नायट्रोजन ‘कमी करण्याचा प्रयत्न’ व्हावयाचा. घनफळ कायम असेल तर ते खरे आहे. दाब कायम असेल तर नेहमीच खरे नाही. समजा, समतोलात नायट्रोजनचे ६, हायड्रोजनचे ३ आणि अमोनियाचा १, असे एकूण १० मोल आहेत. तापमान व दाब न बदलता नायट्रोजनचे २ मोल घातले. आता विक्रियेचा भागफल, म्हणजे होणाऱ्या पदार्थांच्या अंशदाबांचा घातांसह गुणाकार भागिले मूळ पदार्थांच्या अंशदाबांचा तसाच गुणाकार, किती झाला ते पाहावे. दाब कायम असताना, जे पदार्थ आपण हलविले नाहीत त्यांचे भाग वगळले, तर हा भागफल एकूण मोलांचा वर्ग भागिले नायट्रोजनचे मोल या प्रमाणात बदलतो. पूर्वी तो १०० भागिले ६, म्हणजे १६.७ होता, आता १४४ भागिले ८, म्हणजे १८ झाला. भागफल स्थिरांकापेक्षा वर गेला, तेव्हा तो खाली येण्यासाठी अमोनिया फुटला पाहिजे. आणि फुटल्यावर आणखी नायट्रोजन निर्माण होणार! जो वायू आपण घातला, तोच वाढला. कारण साधे आहे : नायट्रोजन आल्याने मिश्रण फुगले, हायड्रोजन पातळ झाला, आणि हायड्रोजनचा अंशदाब या हिशेबात तीनदा गुणला जातो. मिश्रणात निम्म्याहून अधिक मोल नायट्रोजनचे असले म्हणजे असे घडते. कारखान्यात हायड्रोजन नायट्रोजनच्या तिप्पट घेण्याचा प्रघात असल्याने ट्रॉम्बेच्या खत कारखान्यातील अभियंत्यास ही अडचण भेटणार नाही. परीक्षेतील प्रश्नाचा कर्ता मात्र मिश्रणाचे प्रमाण क्वचितच सांगतो, आणि दाब कायम की घनफळ कायम हेही सांगत नाही.

हे आक्षेप नवे नाहीत आणि माझे तर मुळीच नाहीत. पॉल एरेनफेस्ट यांनी १९११ मध्येच या नियमाच्या प्रचलित मांडणीचा सैलपणा दाखवून दिला होता. त्यानंतरही ती मांडणी पुस्तकांतून हलली नाही. याचा अर्थ मी असा लावतो, की शास्त्राने ती कधीच गांभीर्याने घेतली नाही. शास्त्राचे काम सूत्रावर चालले, आणि वाक्य तेवढे शिकविणाऱ्यांच्या पदरात राहिले. म्हणूनच ते भाषेच्या अभ्यासकाने हाती घ्यावे असे मला वाटते.

आणि येथे एक आश्चर्य आहे. ल शातलिए यांनी १८८४ मध्ये हा नियम प्रथम मांडला तेव्हा त्यांच्या फ्रेंच वाक्यात विरोध करणारा कोणी नव्हता. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : स्थिर रासायनिक समतोलात असलेल्या व्यूहाचे तापमान किंवा त्याची घनता बदलू पाहणारे बाह्य कारण आले असता, त्या व्यूहात फक्त असेच अंतर्गत फेरफार होऊ शकतात, की जे एकटेच घडले असते तर त्यांनी तापमान अथवा घनता उलट चिन्हाने बदलली असती. वाक्य लांब आहे, अवघड आहे, आणि चार वर्षांनी त्यांनी स्वतःच ते आटोपशीर केले. प्रचारात आली ती ही पुढची आटोपशीर पिढी. परंतु त्या लांब वाक्याचा सारा भार एका पोटवाक्यावर आहे : ‘एकटेच घडले असते तर’. यात हेतू नाही, प्रयत्न नाही. न घडलेल्या एका घटनेशी तुलना आहे आणि दोन चिन्हांचा उलटेपणा आहे. काचनळीच्या उदाहरणात हे चपखल बसते. दट्ट्या न दाबता नुसतेच रेणू जुळले असते, तर दाब उतरला असता. दट्ट्याने तो चढविला. नियम एवढेच म्हणतो. अंतिम दाब कमी झाला की जास्त, हे तो म्हणतच नाही.

मराठी व्याकरणाने अशा रचनेस स्वतंत्र नाव दिले आहे : संकेतार्थ. ‘पाऊस पडता तर पीक येते’, ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ ही रूपे शेतकऱ्याच्या तोंडची आहेत. ती शिकवावी लागत नाहीत. न घडलेल्या गोष्टीचा विचार नेमकेपणाने मांडण्याची सोय ज्या भाषेत इतकी रुळलेली आहे, त्या भाषेत ल शातलिएचे मूळ वाक्य इंग्रजीपेक्षा अधिक सहज उतरले असते. आपण उतरविले ते इंग्रजी क्रमिक पुस्तकांतील संक्षेपाचे भाषांतर.

दुसरी सोय अकर्तृक रचनांची. मराठीत उजाडते, सांजावते, मळमळते. व्याकरणकार यास भावकर्तरी प्रयोग म्हणतात. येथे क्रिया आहे आणि करणारा कोणी नाही. त्याशिवाय पदार्थांच्या स्थित्यंतरांसाठी अकर्मक क्रियापदांचा केवढा साठा आपल्या स्वयंपाकघरांत आहे! पावसाळ्यात गूळ पाघळतो, मीठ ओलावते, दूध नासते, लोणचे मुरते, साखर विरघळते. गूळ हवेतील ओलाव्यास ‘विरोध करतो’ असे कोणीही म्हणत नाही, आणि तरीही पावसाळ्यात गुळाचा डबा घट्ट लावावा हे घरातील प्रत्येकास कळते. पाण्याच्या हंड्यास पांढरा थर चढतो, तो पाण्यात विरलेल्या क्षाराच्या समतोलातूनच. पाणी तापले, कार्बन डायऑक्साइड उडाला, विरलेले बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन बुडाशी बसले. ‘थर चढतो’, ‘खार बसतो’ : अशा वाक्यात कर्ता पदार्थच असतो आणि त्याला हेतू नसतो. जुन्या शास्त्रीय मराठीस ही जाण होती असे मला वाटते. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिले. त्या पिढीपुढे तयार परिभाषा नव्हती, म्हणून तिला क्रियापदांवर भिस्त ठेवावी लागली. नंतरच्या पिढ्यांनी नामे घडविली. भाषा संचालनालय, विश्वकोश मंडळ, दोन्ही १९६० नंतरची, यांनी नामांचे फार मोठे आणि उपकारक काम केले. क्रियापदांचे काम मात्र कोणाकडेच सोपविले गेले नाही. परिभाषाकोशात ‘समतोल’ सापडतो; समतोल काय करतो, ते सापडत नाही. तो सरकतो की ढळतो, बदलतो की हलतो, हे प्रत्येक लेखक आपल्या मनाने ठरवितो.

‘उजवीकडे सरकतो’ या प्रयोगाविषयीही दोन शब्द. उजवे-डावे हे कागदाचे आहे, भांड्याचे नाही. समीकरण उलट लिहिले की उजवे डावे होते. उष्णता घेणारी विक्रिया उष्णता देणारी होते. मी एका विद्यार्थ्यास, समीकरण उलट लिहून तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्याने ‘उजवीकडे’ हेच उत्तर दिले, कारण ‘तापविले की उजवीकडे’ असे त्याने एकदा शिकलेले होते. ‘अमोनिया वाढतो’, ‘चुनखडी फुटते’ असे पदार्थाचे नाव घेऊन सांगावे. दिशा सांगू नये. हा बदल करण्यास कोणतीही समिती नेमावी लागत नाही.

मग वाक्य कसे असावे? मी असे सुचवितो : ‘समतोलात असलेल्या मिश्रणाची एखादी अट बदलली असता विक्रियेचा भागफल आणि त्या तापमानाचा समतोल-स्थिरांक यांत अंतर पडते, ते अंतर मिटेपर्यंत विक्रिया एका बाजूने अधिक घडते, आणि मिश्रण नव्या प्रमाणावर येऊन ठरते.’ यात अंतर पडण्याचे दोन मार्ग आपोआप वेगळे होतात. पदार्थ घातला, काढला किंवा घनफळ बदलले, तर भागफल हलतो व स्थिरांक तसाच राहतो. तापविले वा निवविले तर स्थिरांकच हलतो. उत्प्रेरक घातला तर दोहोंपैकी काहीच हलत नाही. फक्त दोन्हीकडचे वेग सारख्या पटीने वाढतात. घन चुनखडीची रास भागफलात येतच नाही. दाब कायम असतानाचा नायट्रोजन भागफल चढवितो की उतरवितो, हे दोन ओळींच्या हिशेबाने कळते. वर ज्या ज्या ठिकाणी ‘विरोध’ चुकला, त्या सर्व ठिकाणी हे वाक्य टिकते. तापमानाबाबत स्थिरांक कोणत्या दिशेस हलेल हे सांगण्यास मात्र फान्ट हॉफ यांच्याकडे जावे लागते, आणि तेथे ल शातलिएच्या मूळ संकेतार्थी वाक्याचा उपयोग पुन्हा होतो : उष्णता घेणारी विक्रिया एकटीच घडली असती तर मिश्रण थंड झाले असते, म्हणून तापविले असता तीच अधिक घडते.

एका रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना हे वाक्य दाखविले. त्यांचा आक्षेप असा, की भागफल हा शब्द मुलांना अंकगणितातील बाकीची आठवण करून देतो, आणि भागाकाराची ज्यांना धास्ती आहे ते पुढे वाचणारच नाहीत. आक्षेप खोटा नाही. ‘गुणोत्तर’ घेऊन पाहिले, पण ते दोन राशींपुरते बांधले गेले आहे. ‘प्रमाण’ आधीच दहा अर्थांनी लादलेले आहे. ‘विक्रियांक’ सुटसुटीत वाटतो, परंतु त्यातला ‘अंक’ पुन्हा स्थिर असल्याचा भास देतो. तूर्त मी ‘भागफल’च ठेवला आहे. पुढील सत्रात दोन तुकड्यांस दोन वेगळ्या वाक्यांनी हा पाठ शिकवून पाहण्याचे त्या सहकाऱ्यांनी कबूल केले आहे. काचनळीचा रंग शेवटी कोणता, हा एकच प्रश्न दोन्ही तुकड्यांना विचारावयाचा आहे.